मुदत कायद्याची, तारीख कोर्टाची

घटस्फोटास किती काळ लागतो, हा प्रश्न हुबळीच्या वकिलाच्या कचेरीत जितक्या वेळा विचारला जातो तितक्या वेळा पोटगीचा किंवा दागिन्यांचाही विचारला जात नसेल. आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वी अनुभवी वकील जो क्षणभर थांबतो, तो कायदा आठवण्यासाठी नव्हे, तर समोर बसलेल्या पक्षकाराचा जोडीदार कोणत्या स्वभावाचा आहे हे त्यास अद्याप ठाऊक नसते म्हणून. दुसरी बाजू राजी असेल तर प्रकरण सहा-आठ महिन्यांत, क्वचित त्याहूनही लवकर, निकालात निघते. ती राजी नसेल तर तीन वर्षे, पाच वर्षे, आणि अपिलाचा मार्ग धरला गेला तर त्याच्याही पुढे, असे आकडे वकीलमंडळींच्या तोंडी सहज येतात व त्यांत अतिशयोक्ती फारशी नसते. हिंदू विवाह कायद्याचे कलम २१-ब मात्र अगदी निराळी भाषा बोलते: सुनावणी शक्यतो रोजच्या रोज चालावी, आणि जाबदेणाऱ्यावर नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्जाचा निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, अपिलाचा तीन महिन्यांत. सहा महिन्यांची ही सदिच्छा आणि पाच वर्षांची वस्तुस्थिती यांच्यामधली जागा कशाने भरलेली असते, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे. माझे मत आरंभीच सांगून ठेवतो. आपल्याकडे घटस्फोटाच्या घड्याळाची किल्ली ज्याला घटस्फोट नको असतो त्याच्या हाती असते, आणि कायद्याने ती अर्धवट जाणीवपूर्वकच तेथे ठेवलेली आहे.

धारवाड जिल्ह्याच्या बाबतीत या प्रश्नास इतिहासाची एक वेगळी कड आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि मुंबईच्या विधिमंडळाने १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा संमत केल्यामुळे हुबळी-धारवाडच्या हिंदू स्त्री-पुरुषांस न्यायालयात जाऊन विवाह मोडून घेण्याचा हक्क देशातील बहुसंख्य हिंदूंच्या आठ वर्षे आधी मिळाला होता. सयाजीराव महाराजांच्या बडोद्याने ही वाट त्याहूनही आधी, १९३१ मध्ये, खुली केली होती. त्यापूर्वीच्या काळात न्यायालयात जाणे म्हणजे काय होते, याचे स्मरण महाराष्ट्रास रखमाबाईंच्या खटल्यामुळे आहे. पतीने १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दाखल केलेला सहवासाचा दावा १८८८ मध्ये दोन हजार रुपयांच्या तडजोडीने संपला. म्हणजे चार वर्षे खर्ची पडून रखमाबाईंना मिळाली ती नको असलेल्या घरी न जाण्याची मुभा, विवाहातून मुक्तता नव्हे.

मुंबईच्या १९४७ च्या कायद्यानेही घाई केलेली नव्हती. जोडीदाराने टाकून दिल्याच्या कारणावरून घटस्फोट हवा असेल तर तो परित्याग सतत चार वर्षांचा असावा लागे. या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला बिपिनचंद्र शहा यांचा खटला नमुन्यादाखल घेण्यासारखा आहे. विवाह १९४२ चा, पत्नी माहेरी गेली मे १९४७ मध्ये, पतीचा दावा दाखल झाला जुलै १९५१ मध्ये; मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी घटस्फोट दिला, त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरवला, आणि १९ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे धारवाड म्हैसूर राज्यात जाण्यास पंधरवडाही उरला नसताना, सर्वोच्च न्यायालयाने पतीचे अपील फेटाळले. परित्याग म्हणजे नुसते घर सोडणे नव्हे, त्यामागे सहजीवन कायमचे संपविण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो, हे या निकालातले तत्त्व आजही देशभर उद्धृत केले जाते. पक्षकाराच्या दृष्टीने हिशेब असा की पाच वर्षे आणि तीन निकाल होऊन तो होता तेथेच राहिला.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा आला तेव्हा त्याच्या कर्त्यांनी तर विलंब हेच औषध मानले होते. विवाहास तीन वर्षे होईपर्यंत घटस्फोटाचा अर्जच करता येत नसे. क्रूरता व परित्याग ही कारणे घटस्फोटाची नसून केवळ न्यायिक फारकतीची होती. त्या फारकतीचा हुकूमनामा मिळाल्यावर आणखी दोन वर्षे वाट पाहून मग घटस्फोटासाठी नवा अर्ज करावयाचा. आणि सर्व पार पडले तरी पुनर्विवाहास एक वर्षाची मनाई. छळ सोसून बाहेर पडलेल्या स्त्रीचे तारुण्य या पायऱ्या चढण्यातच संपे. १९७६ च्या दुरुस्तीने यांतल्या बहुतेक पायऱ्या खाली आणल्या. तीन वर्षांचे एक झाले, दोनाचे एक झाले, पुनर्विवाहाची मनाई गेली, क्रूरता व परित्याग ही घटस्फोटाची स्वतंत्र कारणे बनली, आणि परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे कलम १३-ब प्रथमच आले. पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या १९१० च्या कायद्यामुळे आपल्या शेजारच्या गोव्यास ही परस्पर संमती त्याच्या कितीतरी आधी परिचित होती, ही गोष्ट आपल्याकडे सहसा कोणी बोलत नाही.

परंतु न्यायालयाबाहेरही एक जुना मार्ग होता आणि आहे. कुणबी-मराठा व इतर अनेक जातींत पंचांसमक्ष काडीमोड होऊन स्त्री पाट लावून नव्या घरी जाई. धारवाडकडे अशा दुसऱ्या विवाहास उडकी म्हणत. एका बैठकीत निकाल लागण्याची ती रीत होती, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने मिळणारा घटस्फोट राखूनही ठेवला आहे. या तरतुदीच्या भरवशावर आजही स्टँपपेपरवर सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून, मंडळी मोकळी झाल्याचे मानतात. ती मोकळी झालेली नसतात. कर्नाटकातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या यमनाजी जाधव खटल्यात २००२ साली न्यायालयाने सांगितले की अशी रूढी जातीत आहे हे कैफियतीत मांडले पाहिजे व पुराव्याने सिद्ध केले पाहिजे. ते झाले नव्हते म्हणून खालच्या न्यायालयांचे निकाल रद्द करून प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर धाडण्यात आले. सर्वांत जलद वाटणारा रस्ता सर्वांत लांबचा ठरतो तो असा. आणि कागदावर विसंबून दुसरा विवाह केलेल्याच्या मागे द्विभार्येचा फौजदारी गुन्हा लागण्याचा धोका असतो तो निराळाच.

आता आजची स्थिती. परस्पर संमतीचा अर्ज करण्यापूर्वी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, मात्र वेगळे याचा अर्थ दोन घरे असा नव्हे: एका छपराखाली राहूनही पतिपत्नी म्हणून न राहणे पुरेसे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुरेष्टादेवी खटल्यात म्हटले आहे, आणि दोन खोल्यांच्या संसारात ज्यांना भाड्याची दुसरी जागा परवडत नाही त्यांना या वाक्याचा आधार मोठा आहे. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचे, व अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन आपली इच्छा कायम असल्याचे सांगायचे. अमरदीप सिंग खटल्यात १२ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी माफ करता येते असा निर्णय दिला. अट अशी की वेगळे राहण्याचे एक वर्ष आणि वर हे सहा महिने, असा दीड वर्षाचा काळ अर्जापूर्वीच लोटलेला असावा, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, आणि पोटगी व मुलांचा ताबा यांचा निर्णय दोघांनी खरोखरच केलेला असावा. पहिली हजेरी झाल्यावर आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो. त्यामुळे दोन-अडीच महिन्यांत हातात हुकूमनामा पडलेली जोडपी आता विरळ राहिलेली नाहीत.

या दुसऱ्या हजेरीचे दृश्य पाहण्यासारखे असते. पट्टेवाला प्रकरणाचा एम. सी. नंबर पुकारतो, दोघेही पुढे येऊन न्यायाधीशांसमोर हातभर अंतर ठेवून उभी राहतात, आधारकार्डे, लग्नाचा एक फोटो, वरच्या बाजूस गणपती छापलेली लग्नपत्रिका, आणि ठरलेल्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट एवढेच सामान वकिलाच्या हातात असते. कोणाच्या दडपणाखाली सही केली नाही ना, सामानसुमान परत मिळाले का, एकत्र राहण्याची काही शक्यता आहे का, अशा तीन-चार प्रश्नांची उत्तरे मान हलवून व मग बोलून दिली जातात, आणि दहा-पंधरा मिनिटांत पुढचा नंबर पुकारला जातो. पण ड्राफ्टाची रक्कम ठरल्याहून कमी निघाली, किंवा त्या दिवशी दोघांपैकी एक आलेच नाही, तर हीच दहा मिनिटे चार महिने पुढे जातात. कारण सुरेष्टादेवी खटल्याचेच दुसरे सूत्र असे की हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही आपली संमती परत घेता येते. म्हणजे संमतीच्या घटस्फोटातही किल्ली शेवटच्या क्षणापर्यंत नाराज बाजूकडेच.

विरोधाच्या प्रकरणाचा काळ मोजायचा तर तो अर्जापासून नव्हे, नोटिशीपासून मोजावा लागतो, आणि पहिले अर्धे वर्ष पुष्कळदा तेथेच जाते. पोस्टाने धाडलेला लिफाफा 'घर बंद' असा शेरा घेऊन परततो; नाझराच्या खात्यातून निघालेला बेलिफ पत्त्यावर जातो तेव्हा सासूबाई सांगतात की मुलगा बंगळुरास असतो, तेथला पत्ता मात्र कोणासच माहीत नसतो; पुन्हा बेलिफाचा भत्ता भरा, पुन्हा समन्स काढा, शेवटी पंचांच्या सह्या घेऊन नोटीस दारावर चिकटवा, नाहीतर न्यायालयाची परवानगी काढून वर्तमानपत्रात जाहीर करा. एवढे करून प्रकरण एकतर्फी निकालात काढले, तर गैरहजर पक्ष काही महिन्यांनी अवतरतो व मला नोटीसच मिळाली नव्हती म्हणून तो निकाल रद्द करून मागतो. हजर झालेल्या जाबदेणाऱ्यास कैफियत देण्यासाठी तीस दिवस असतात, ते नव्वदपर्यंत वाढविता येतात, आणि या नव्वदांचेही पुढे काय होते हे कोर्टाच्या पायरीवर बसणाऱ्या कोणासही विचारावे. अर्जदार परदेशी नोकरीस असलेल्या नवऱ्याविरुद्ध भांडत असेल तर समन्स हेगच्या १९६५ च्या कराराप्रमाणे केंद्र सरकारच्या विधी मंत्रालयामार्फत जाते, आणि मग महिने मोजण्यात अर्थ राहत नाही.

सीमाभागातल्या विवाहांची अडचण याहून वेगळी, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांचे सोयरसंबंध बेळगाव, कोल्हापूर, सांगली, पुणे असे महामार्गाच्या कडेकडेने पसरलेले आहेत. मुलगी पुण्यास द्यायची, सून मिरजेहून आणायची, यात कोणास परराज्याचा वास येत नाही. बिघाड झाला की मात्र तो येतो. नवरा कोल्हापुरात अर्ज करतो. हुबळीस माहेरी आलेली बायको, २००३ च्या दुरुस्तीने पत्नीस स्वतःच्या राहत्या ठिकाणी अर्ज करण्याचा हक्क दिलेला असल्यामुळे, आपला अर्ज हुबळीच्या कौटुंबिक न्यायालयात करते. आणि मग दोन्ही प्रकरणे कोठे चालावीत हा तिसराच वाद उभा राहतो. दोन्ही न्यायालये कर्नाटकात असती तर उच्च न्यायालयाने हा प्रश्न सोडविला असता. येथे दोन राज्ये आहेत, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ प्रमाणे दिल्लीस, सर्वोच्च न्यायालयातच, अर्ज करावा लागतो. हुबळीहून बीदर कोल्हापूरपेक्षा कितीतरी लांब, पण बीदरचे प्रकरण फिरवून घेण्यास दिल्लीची पायरी चढावी लागत नाही. कोल्हापूरचे घेण्यास लागते. तोवर मूळ प्रकरण तहकूब. १९५६ च्या आधीच्या काही वर्षांत हुबळी व कोल्हापूर ही दोन्ही गावे एकाच मुंबई उच्च न्यायालयाखाली होती. राज्यपुनर्रचनेच्या चर्चेत सीमाप्रश्नाच्या इतक्या बाजू मांडल्या गेल्या, पण माहेर-सासरच्या मध्ये पडलेल्या या रेषेचा कोणी उल्लेख केल्याचे माझ्या वाचनात नाही. प्रकरण हुबळीस आले तरी लग्नपत्रिका, पत्रे, मोबाइलवरचे निरोप हे सारे मराठीत. त्यांचे भाषांतर करून, ते शपथपूर्वक खरे असल्याचे सांगून दाखल करावे लागते, त्यात एखाद-दोन तारखा जातात.

अपिलाच्या बाबतीत मात्र या भागाची परिस्थिती सुधारली आहे. मुंबई राज्य असताना अपील मुंबईस जाई, नंतर अर्धशतक ते चारशे किलोमीटरवरच्या बंगळुरास जात राहिले. २००८ साली धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ आले व २०१३ मध्ये ते कायम झाले. रात्रीची गाडी पकडून बंगळूर गाठायचे, वकिलास भेटायचे, प्रकरण बोर्डावर आलेच नाही असे ऐकून परतायचे, हा क्रम ज्या पिढीने केला तिला या खंडपीठाचे मोल सांगावे लागत नाही.

पण नोटीस, स्थान, भाषा, अपील हे सर्व वजा केले तरी मूळ गाठ उरतेच. विरोधाचा घटस्फोट म्हणजे दोष सिद्ध करण्याचा खटला. कोणी कोणास कधी काय बोलले, कोणी स्वयंपाकघराचे दार लावून घेतले, मुंजीच्या जेवणावळीत कोण कोणाशी बोलले नाही, हे दहा वर्षांपूर्वीचे प्रसंग शपथपत्रात उतरवायचे आणि त्यावर उलटतपासणी सोसायची. पुण्याच्या दास्ताने खटल्याइतके याचे ठसठशीत उदाहरण दुसरे नाही. १९५६ चा विवाह, १९६२ चा अर्ज. पुण्याची दोन न्यायालये, मुंबई उच्च न्यायालय, आणि अखेर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी दिलेला निकाल. त्यात पत्नीचे वर्तन क्रूरतेचे होते हे मान्य झाले, मात्र त्यानंतरही पतीने तिच्याशी संबंध ठेवल्यामुळे त्याने ती क्रूरता क्षमा केली असे ठरले, आणि अपील नामंजूर झाले. क्रूरता सिद्ध करण्यास फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, हे महत्त्वाचे तत्त्व त्या निकालाने कायद्यास दिले. त्या दोन माणसांस तेरा वर्षांनंतर कायद्याने पतिपत्नीच ठेवले.

हा फास सैल करण्याचा विचार नवा नाही. मोडून पडलेला विवाह हेच घटस्फोटाचे कारण मानावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ च्या आपल्या ७१ व्या अहवालात केली, २००९ मध्ये पुन्हा केली. तसे विधेयक २०१० साली आले व ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने संमतही केले, पण लोकसभेत ते संमत होण्याआधीच बारगळले. शिल्पा शैलेश खटल्यात १ मे २०२३ रोजी घटनापीठाने, विवाह सावरण्यापलीकडे मोडला असेल तर घटनेच्या कलम १४२ खाली सर्वोच्च न्यायालय एका पक्षाचा विरोध असतानाही तो विसर्जित करू शकते, असे ठरविले. या निकालाचा बोलबाला मोठा झाला. परंतु हा अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालयाचा आहे, हुबळीच्या कौटुंबिक न्यायाधीशास तो नाही, आणि त्यासाठी थेट दिल्लीस जाऊन अर्ज करता येत नाही, हे त्याच निकालात लिहिले आहे. इंग्लंडने एप्रिल २०२२ पासून एका पक्षाचे निवेदन पुरेसे मानले. अर्जापासून वीस आठवड्यांनी पहिला हुकूम, त्यानंतर सहा आठवड्यांनी अंतिम, आणि दोषाची चर्चाच नाही. किल्ली तेथे मागणाऱ्याच्या हाती गेली.

ती येथेही तशीच जावी काय, या प्रश्नावर माझे मन सरळ होय म्हणत नाही. जी स्त्री वीस वर्षे घर चालवून स्वतःच्या नावावर ना शेत ना खाते अशा स्थितीत बाहेर काढली जाते, तिच्याजवळ सौदा करण्यास एकच वस्तू असते, व ती म्हणजे तिची नामंजुरी. नवऱ्यास दुसरे लग्न करायचे असते, म्हणून तो तडजोडीस येतो. राज्यसभेने २०१३ मध्ये संमत केलेल्या त्या विधेयकास पतीच्या मालमत्तेत पत्नीस वाटा देण्याची तरतूद जोडावी लागली ती याच कारणाने. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटिशीपासून शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा असे कलम २४ म्हणते. रजनेश-नेहा खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, पगार व कर्ज यांचे शपथपत्र द्यावे व पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी असे आदेश दिले. प्रत्यक्षात पगाराच्या चिठ्ठ्यांवरून तंटा, थकलेल्या पोटगीसाठी दरखास्त, त्याच्याच जोडीस कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज आणि छळाची फौजदारी फिर्याद, अशी चार-पाच प्रकरणे वेगवेगळ्या न्यायालयांत एकमेकांची वाट पाहत उभी राहतात. घटस्फोट लांबतो तो बहुधा घटस्फोटासाठी नव्हे, पैशासाठी. पैशाचा निवाडा पहिल्या चार महिन्यांत खरोखर झाला, तर नामंजुरीचे मोल पुष्कळ उतरेल व उरलेले प्रकरण आपोआप हलके होईल, असे मला वाटते.

इतर धर्मीयांच्या कायद्यांचा विस्तार येथे करीत नाही. ख्रिस्ती जोडप्यांस १८६९ च्या कायद्याप्रमाणे खालच्या न्यायालयाचा घटस्फोट उच्च न्यायालयाकडून कायम करून घ्यावा लागे, ते बंधन २००१ मध्ये गेले. मुस्लिम स्त्रीस १९३९ च्या कायद्याने न्यायालयाचा दरवाजा उघडला, आणि तेथे शिरल्यावर तिच्याही वाट्यास हीच नोटीस, हीच कैफियत आणि हीच तारीख येते.

हुकूमनामा हाती आला म्हणजे काळ संपला असे मानणाऱ्यांनी कलम १५ वाचावे. अपिलाची मुदत उलटेपर्यंत, आणि अपील झाले असेल तर ते फेटाळले जाईपर्यंत, पुनर्विवाह करता येत नाही. ती मुदत हिंदू विवाह कायद्यात २००३ पासून नव्वद दिवसांची आहे, कौटुंबिक न्यायालयांच्या १९८४ च्या कायद्यात तीस दिवसांची; या दोहोंपैकी कोणती धरावी यावर उच्च न्यायालयांत वाद झाले, आणि मुंबईच्या पूर्णपीठाने कौल नव्वदच्या बाजूने दिला. म्हणून सावध वकील पक्षकारास नव्वद दिवसच सांगतो, सहीशिक्क्याची नक्कल लगेच काढून घेण्यास सांगतो, आणि मुहूर्त काढण्यापूर्वी धारवाडच्या खंडपीठात अपील दाखल झाले आहे की नाही याची एकवार चौकशी करून येण्यास सांगतो.